माळ्यावरची कदेलं

पार्से गावात गोकुळदासच्या घरातली तिन्ही कदेलं माळ्यावर गेली, त्याला चार महिने होत आले होते. खुर्चीला कदेल म्हणायची रीत त्या घरात पणजोबांपासूनची. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला, आणि त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र कदेल माळ्यावरूनही काढायचं नव्हतं आणि तोंडातूनही काढायचं नव्हतं. बसायचं असेल त्याने सोप्यावर बसावं, बाकावर बसावं, पाटावर बसावं, नाही तर उभं राहावं. पंचायतीचा कारकून घरपट्टीचा कागद घेऊन आला, तो उभ्या उभ्या वाचून दाखवून गेला. जाताना त्याने ओटीभर नजर फिरवली ती रुक्मिणीने बघितली. एवढं मोठं घर आणि बसायला काही नाही, असं त्या नजरेत होतं. रुक्मिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तसं झालं की ती भांडी घासायला घ्यायची. त्या चार महिन्यांत घरातली तांब्याची भांडी आरशासारखी झाली.

झालं होतं असं. पौषात पेडण्याच्या बाजारात मराठीची सभा भरली होती. ते दिवसच तसे होते. कोकणी की मराठी ह्यावरून न्हाव्यापुढे अर्धी दाढी टाकून माणसं उठून जायची. गोकुळदास मराठी चौथी शिकलेला, भजनात पखवाज वाजवणारा, गावात आब असलेला. पार्से गावाच्या वतीने त्याने चार शब्द बोलावेत असं ठरलं. लेक गौरवी पेडण्याला बालवाडीत शिकवायची, तिने कागदावर लिहून दिलं. त्याने ते तीन दिवस बागेतल्या काजूंना ऐकवलं. सभेत उभा राहिला तेव्हा सगळं तोंडपाठ होतं. आमची मराठी स्वच्छ आहे, तिच्यात एकाही परक्या शब्दाला थारा नाही, हे वाक्य त्याने हात वर करून म्हटलं, टाळ्या घेतल्या, आणि तेवढ्यात त्याला समोर काठी टेकून उभा असलेला एक म्हातारा दिसला. गोकुळदास मनाने चांगला, तेच त्याला नडलं. भाषण मध्येच थांबवून तो भोंग्यातून म्हणाला, "अरे, त्या आजोबांक कोणीतरी एक कदेल द्या रे."

बाजार हसला. मिरच्या विकणाऱ्या बायका टोपल्यांवर पडून हसल्या. व्यासपीठावर डिचोलीकडचे एक मास्तर बसले होते, ते उठले, भोंगा आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाले, "कदेल नव्हे, खुर्ची. खुर्ची हा आपला शब्द." पुन्हा टाळ्या. म्हाताऱ्याला बसायला मिळालं की नाही ते कुणी पाहिलं नाही. गोकुळदासचं अर्धं भाषण खिशातच राहिलं. घरी येऊन त्याने शिडी लावली आणि कदेलं एकेक करून माळ्यावर चढवली.

फाल्गुनात काजूची बोंडं पडायला लागली आणि माणसांना मान वर करायला सवड उरली नाही. पहाटे बागेत जायचं, पडलेली बोंडं टोपलीत भरायची, पिरगळून बी वेगळी करायची. बोटांना चीक लागून कातडी सोलून निघायची. बाबली म्हणून साठीचा गडी होता, कानाने जरा कमी, तो पाय धुऊन दगडी कुंडात उतरायचा आणि बोंडं तुडवायचा. रस मडक्यांत तीन दिवस आंबायचा, मग तांब्याच्या भांड्यात चढायचा. खालचा जाळ गोकुळदासचा. वाफेची नळी ज्या मडक्यात उतरायची त्याच्यावर थंड पाणी ओतत राहणं हे रुक्मिणीचं काम, आणि ते ती दुसऱ्या कुणाला देत नसे. पहिल्यांदा जे उतरतं ते हुर्राक. तेच परत उकळलं की फेणी. हुर्राक जमला की नाही हे ती बाटली हलवून, वर आलेले मणी बघून सांगायची. जिभेवर एक थेंब ठेवायची आणि थुंकायची. तीस वर्षांत तिने एक घोट गिळला नव्हता. दुसरे गिळतात ते बघितलं तेवढं पुरे, असं ती म्हणायची.

गोकुळदासही पूर्वी नमुन्यापुरतंच घ्यायचा. त्या हंगामात मात्र त्याने दुपारी भट्टीवर हुर्राकाचा कोप, म्हणजे काचेचा छोटा पेला, घेऊन बसायला सुरुवात केली. विचारलं तर उत्तर तयार असायचं. "मी विसरूक घेतंय."

पहिल्या कोपाला तो खरंच विसरायचा. रुक्मिणी ते नाकारत नसे. गालावर लाली यायची, एखादा अभंग गुणगुणायचा, बाबलीला पाठीवर थाप मारायचा. दुसरा कोप अर्धा झाला की अभंग अडायचा. तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागायचा. आणि मग सुरू.

"मी कदेल कित्याक म्हटलंय? माका खुर्ची ठावक नाय काय? ठावक आसा. मगे कदेल कित्याक म्हटलंय?"

जाळात लाकूड सारायचं, आणि पुन्हा तेच. घाण्याचा बैल तरी संध्याकाळी सोडतात. ह्या बैलाला सोडायला कोणी नव्हतं. शिवाय एकटं कदेल आलं असतं तर ठीक, पण ते येताना आपली पाहुणेमंडळी घेऊन यायचं. लग्नात सासरा त्याच्या उलट्या बांधलेल्या फेट्याला हसला होता ते. चौथीत फळ्यावर 'ऋ' काढता आला नव्हता ते. चुलतभावाने एकदा रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलं होतं ते. गोवा मुक्त व्हायच्याही आधीच्या गोष्टी. सगळे येऊन भट्टीभोवती बसायचे, आणि त्यांना कोणी कदेल विचारायचं नाही.

"तुमच्या डोक्यात काय चल्लां, ठावक आसा?" रुक्मिणी एकदा म्हणाली. "पौषात तो रस होतो. फाल्गुनात हुर्राक जालो. आता फेणी जाली. आणि किती उकळतल्यात?"

तो म्हणाला, बायकांना ह्यातलं कळत नाही. घेतलं नसतं तर आत्तापर्यंत वेड लागलं असतं.

रुक्मिणी दुसरीतून शाळा सोडलेली. सही करता यायची आणि शंभरापर्यंत मोजता यायचं. पण मोजणी एकदा धरली की ती कुणाच्या बापाला हार जाणारी नव्हती. सोमवारी गोकुळदास उपास पाळायचा, त्या दिवशी थेंब घ्यायचा नाही. तिने एक करवंटी घेतली, चुलीजवळ ठेवली, आणि त्याने कदेलाचा विषय काढला की एक काजूची बी त्यात टाकायची असं केलं. सोमवारी रात्री निजायच्या आधी बघितलं तर तीन बिया. मंगळवारी दोन कोपांनंतर करवंटी भरून सांडली. अडतीस. बुधवारी एकेचाळीस. पुढच्या सोमवारी पुन्हा चार.

तिने दोन करवंट्या त्याच्यापुढे ठेवल्या. ही उपासाची, ही विसरायची.

गोकुळदासने दोन्हीत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "तू मोजतंस म्हणान माका आठवता."

"सोमवारीय मीच मोजलंय," ती म्हणाली.

तो उठला आणि भट्टीवर जाऊन आणखी एक कोप घेतला.

वैशाख लागता लागता डिचोलीहून त्याची बहीण सुमन आली, गौरवीसाठी स्थळ घेऊन. मुलगा सुर्ल्याचा, दत्तप्रसाद नावाचा, खाणीवर मातीच्या ट्रकांची नोंद ठेवणारा. गौरवीने त्याला सुमनच्या घरी एकदा बघितला होता. जेवायला बसताना त्याने पाच वेळा हात धुतले तरी पाणी लालच येत होतं. ती हसली, मग तोही हसला, आणि सहाव्यांदा धुवायला गेला. त्याआधी दोन स्थळांना तिने बघता क्षणी नाही म्हटलं होतं. ह्या खेपेला कुणी विचारायच्या आधी म्हणाली, मला चालेल. रुक्मिणीला तिथेच कळलं, हे स्थळ गेलं तर पोरगी पुन्हा कुणाला हो म्हणायची नाही. ती आईवर गेली होती.

मुलाचा बाप कोण, असं गोकुळदासने विचारलं. सुमनने सांगितलं, गुरुदास मास्तर. नाव आहे त्यांचं, सभांत बोलतात.

गोकुळदासच्या हातातला चिमटा खाली पडला. भोंगा ओढून घेणारे मास्तर तेच.

त्या माणसाच्या घरात माझां चेडू जावचां नाय, असं तो दुपारी म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाला, पोर हुशार आहे, घर चांगलं आहे, बापाचं पाप पोराच्या माथी कशाला. दुपारी पुन्हा नाही. आठवडाभर तो सकाळी मुलीचा बाप असायचा आणि दुपारी कदेलाचा. शेवटी रुक्मिणीने सोमवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, देवघरासमोर नारळ ठेवून त्याच्याकडून होकार घेतला आणि त्याच पावली सुमनला बसमध्ये बसवलं. रविवारी सुर्ल्याची माणसं घर बघायला येणार. ती जाईपर्यंत हुर्राकाला शिवायचं नाही, अशी भगवतीची आण त्याला घातली.

शनिवारी गौरवी आईजवळ येऊन बसली. नारळ खवत खवत म्हणाली, "आई, बाबांनी तो विषय काढला तर ते लोक उठून जातील. गेले तर मी कुणाला दोष देणार नाही. पण मग माझ्यासाठी पुन्हा कुणाला आणू नको."

रुक्मिणीने सांगितलं, नाही काढणार. आणि मग ती माळ्याची शिडी घेऊन ओटीवर गेली. गोकुळदासने शिडी धरली. कदेल खाली आलं की कुणीतरी त्याचं नाव घेणार, नाव घेतलं की मास्तर हसणार, मास्तर हसले की आपल्याला काय होईल ते आपल्याला ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं. शिडी ओढत दोघं बराच वेळ उभी होती. रुक्मिणीने सोडली, कारण भाताला उकळी आली होती.

रविवारी अकरा वाजता मंडळी आली. गुरुदास मास्तर, त्यांची बायको सरस्वती, दत्तप्रसाद, आणि वाट दाखवायला सुमन. मास्तर बारीक, पांढरेशुभ्र कपडे घातलेले, काठी घेऊन चालणारे. गोकुळदासने हात जोडले, हसला, पाय धुवायला पाणी दिलं. सगळं बरोबर चाललं होतं. रुक्मिणी दाराआडून बघत होती.

बाकावर सरस्वती आणि सुमन बसल्या. दत्तप्रसाद पायरीवर टेकला. मास्तरांनी सोप्याकडे बघितलं. सोपा बुटका, मातीचा, सारवलेला. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि फार नम्रपणे म्हणाले की हा गुडघा वाकत नाही, जरा उंच असं काही मिळालं तर बरं होईल.

 गौरवी तबकातले पेले घेऊन दारातच थांबली. आणि अंगणातून बाबली, ज्याला दहा हाका मारल्या तर एक ऐकू येते, त्याने नेमकं हे ऐकलं आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कदेल हाडू?"

गोकुळदासचा चेहरा उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखा झाला. मास्तरांच्याही चेहऱ्याचं काहीतरी झालं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गोकुळदास म्हणाला, भट्टीचा जाळ बघून येतो, आणि निघाला. वास्तविक रविवारी भट्टी बंद होती.

मास्तर उभेच होते. मग म्हणाले, आपणही भट्टी बघू, कधी बघितली नाही. काठी टेकत त्याच्या मागे गेले.

रुक्मिणीला जाता येईना. पाहुण्या बाईला सोडून जाणं बरं दिसत नाही. तिने सरस्वतीला घर दाखवलं, विहीर दाखवली, गाय दाखवली, गाईचं वासरू दाखवलं. परत आली तरी पुरुषांचा पत्ता नाही. दत्तप्रसाद आणि गौरवी ओटीवर दोन टोकांना बसून एका मांजराशी बोलत होती. तेव्हा रुक्मिणीने तळलेल्या बांगड्यांची ताटली उचलली आणि मागच्या दाराने भट्टीकडे गेली.

मास्तर एका उलट्या हंड्यावर बसले होते, पाय पसरून. गोकुळदास लाकडाच्या ओंडक्यावर. मध्ये बाटली. आण घातली होती ती गोकुळदासला. पण पाहुण्याने स्वतः मागितलं, आणि पाहुण्याला एकट्याने प्यायला लावायचं हे कुठल्या देवीला चाललं असतं, असं त्याने नंतर सांगितलं. बाटलीवरून तिने ओळखलं, दोघांचेही दोन कोप उलटून गेलेत आणि तिसरा चालू आहे. अभंगाची वेळ टळून गेली होती. दोघेही आपापल्या पायांकडे बघत होते.

"मी कदेल कित्याक म्हटलंय," गोकुळदास म्हणत होता. "माका खुर्ची ठावक नाय काय?"

"मी सभेला उभा राहून खोटं बोललो," मास्तर म्हणत होते. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, खोटं बोलू नका."

"ठावक आसा. मगे कित्याक म्हटलंय?"

"कोणीतरी उठेल आणि विचारेल. मी काय सांगू?"

दोघेही बोलत होते आणि दोघांपैकी एकही ऐकत नव्हता. रुक्मिणी ताटली घेऊन उभी राहिली. गोकुळदासचं तिला पाठ होतं. पण मास्तरांचं तिने दोन फेरे ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं की ह्या घाण्याला दुसराही बैल आहे, आणि तो निराळंच काहीतरी पिळतोय. तिने आधी बाटली उचलून बाजूला ठेवली. मग गोकुळदासच्या तोंडात बांगडा दिला.

"तुमी हो बांगडो चावा," ती त्याला म्हणाली. "मास्तर, तुमी परत सांगा. सावकाश."

मास्तरांनी सांगितलं. सभा संपवून ते घरी गेले. टाळ्या कानात होत्या. सहज म्हणून त्यांनी कोश काढला आणि खुर्ची हा शब्द बघितला. तो अरबी निघाला. तिकडून फारशीत, तिकडून आपल्याकडे. कपाळाला घाम फुटला. सगळ्या पेडणे बाजारासमोर त्यांनी भोंग्यातून तो आपला म्हणून सांगितला होता. त्या दिवसापासून ते एकाही सभेला गेले नव्हते. बोलावणी येत होती. उभं राहिलं की गर्दीतून कोणीतरी हात वर करणार, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं. लोकांना वाटत होतं, गुडघा.

"गुडघा दुखतो," मास्तर म्हणाले. "पण एवढा नाही. रोज संध्याकाळी थोडं घेतो, झोप यावी म्हणून. तर झोप येत नाही, तो हातच वर येतो."

गोकुळदासने बांगडा गिळला. काटा काढून टाकला. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही उकल होत होती जशी चार महिन्यांत झाली नव्हती.

"म्हणजे खुर्चीय आमची नाय?"

"नाही."

"आणि कदेल तां पोर्तुगीजांचां."

"ते त्यांचं."

गोकुळदासने ताटलीतला दुसरा बांगडा उचलला. "मगे माणसान बसूचां तरी कशार?"

"पाटार," रुक्मिणी म्हणाली. "पाट आमचो काय तोय कोणाचो, तां उद्या बघा. पानां वाढली हत."

मास्तर आधी हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते म्हणाले, "गोकुळदास, तुम्ही काय म्हणालात ते मी तिथेच विसरलो होतो हो. मी काय म्हणालो तेच…" गोकुळदासने त्यांना हात देऊन हंड्यावरून उठवलं. दोघे एकमेकांना धरून आले, तेव्हा कोण कोणाला सावरतंय ते सांगणं कठीण होतं. गुडघा मात्र पाटावर बसताना व्यवस्थित वाकला. सरस्वतीने तो वाकलेला बघितला आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

जेवताना मास्तरांनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि हात वर करून जाहीर केलं की मुलगी आमची. गौरवी आत पळाली. गोकुळदासने डोळे पुसले. सुमन देवाचं नाव घ्यायला लागली. रुक्मिणीने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"मास्तर, राग मानू नका," ती म्हणाली. "ह्या घरात दुपारचो शब्द आमी धरीत नाय. सकाळी म्हणा."

 सरस्वतीने मान वर करून तिच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट. "आमच्याकडेय तसांच," ती म्हणाली.

मग बायका स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. रुक्मिणीने हुमण, म्हणजे माशांचं कालवण, वाढलं. पहाटे उठून केलेलं, दोन नारळ घातलेलं, तिरफळाचा वास घरभर पसरवणारं. सरस्वतीने भाताबरोबर कालवून एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "बरां जालां. आमच्याकडे हुमण जरा दाट करतत." आणि तिसरा घास घेतला.

चारच्या बसला मंडळी गेली.

उन्हं अजून होती. रुक्मिणीने भांडी घासली, चूल सारवली आणि मागच्या पडवीत येऊन बसली. पहाटे तीनपासून ती उभी होती. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. बाटली तिथेच, तिनेच आणून ठेवलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने अर्धा कोप ओतला, औषध म्हणून, आणि नाक दाबून प्यायली. पोटात ऊब गेली. पोटऱ्या सुटल्या. पोरीचं लग्न डोळ्यांपुढे दिसलं, मांडव, आंब्याचे टहाळे, सगळं. इतकं बरं वाटलं की तिने उरलेला अर्धाही ओतला.

दाट करतत.

म्हणजे काय? दाट करतत म्हणजे माझं पातळ. दोन नारळ घातले होते. दोन नारळ घालून पातळ कसं? आणि पातळ वाटलं तर तसं सांगावं. बरां जालां कशाला म्हणावं? बरां जालां म्हणायचं आणि मग दाट करतत म्हणायचं. सासूही असंच म्हणायची, पहिल्या वर्षी, हुमणात मासा पोहतोय म्हणून. ती मेली त्याला वीस वर्षं झाली. आणि आजच्या बाईने भिंतीकडे बघितलं होतं, जिथे चुना पडलाय तिथे. वासराकडे बघून काहीच बोलली नाही. उद्या सकाळी नाही म्हणतील. विचारलं तर कारण सांगणार नाहीत. कारण हुमण. दाट करतत म्हणजे काय? दोन नारळ…

टक्.

तिने मान वळवली. गोकुळदास विहिरीवर चार कळशा डोक्यावर ओतून आला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं. तो दाराच्या उंबऱ्यावर बसला होता, मांडीवर करवंटी घेऊन.

"माझां हुमण पातळ होतां?" तिने विचारलं.

 त्याने पिशवीतून आणखी एक बी घेतली आणि करवंटीत टाकली. टक्.

दुसऱ्या दिवशी सोमवार. साडेसातला अंगणात मोटारसायकल थांबली. दत्तप्रसाद एकटाच होता, केस उभे राहिलेले. त्याने सांगितलं, बाबांनी सहा वाजता हलवून उठवलं, म्हणाले, चहा नंतर, आधी पार्स्याला जाऊन सांग, होय म्हणून. आणि सकाळी सांगितलंय हेही सांग. मग त्याने खिसे चाचपले आणि म्हणाला, आईचा एक निरोप आहे. तुमच्यासारखं हुमण कसं करायचं ते लिहून मागितलंय. आमच्याकडे फार दाट होतं, भात गिळवत नाही.

गौरवी दाराआड होती. तिथून हसू ऐकू आलं.

गोकुळदासने शिडी लावली. माळ्यावर खडखड झाली, धूळ पडली, एक उंदीर पळाला. तो एक कदेल खांद्यावर घेऊन उतरला, खांद्यावरच्या टॉवेलाने पुसलं आणि ओटीच्या मधोमध ठेवलं.

"बस रे," तो जावयाला म्हणाला. "कदेलार बस."

दत्तप्रसाद बसला. काही झालं नाही. कदेल जरा करकरलं एवढंच.

रुक्मिणी आत चहा टाकायला गेली. चुलीजवळ करवंटी तशीच होती, काल संध्याकाळची. तिने मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. तिने करवंटी उचलली आणि बियांसकट जाळात टाकली. घाईत ती एक गोष्ट विसरली, जी पार्स्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. काजूची बी जाळात पडली की गप्प बसत नाही. चीक पेटला, धूर निघाला, आणि एकेक बी फटाक्यासारखी उडायला लागली.

ओटीवरचं बोलणं थांबलं. तिने पदराने चूल झाकावी की काय असं केलं, पण आता उपयोग नव्हता. शेवटची बी फुटली, तशी सगळीकडे शांतता झाली.

"अकरा," गोकुळदास बाहेरून म्हणाला.